टोटल लॉस झालेला उपग्रह: वेस्टार-६ ते एशियासॅट-१

७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या सिचुआन प्रांतातल्या शीचांग तळावरून लाँग मार्च-३ रॉकेटने एशियासॅट-१ नावाचा दळणवळण उपग्रह वर नेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर डिश अँटेनांच्या ज्या छत्र्या उगवल्या, त्यातल्या कितीतरी याच उपग्रहाकडे तोंड करून होत्या. स्टार, एमटीव्ही, बीबीसी आणि १९९२ च्या गांधीजयंतीपासून झी टीव्ही हे सगळं याच्यावरूनच यायचं. गंमत म्हणजे हा उपग्रह सेकंडहँड होता. सहा वर्षांपूर्वी तो वेस्टार-६ या नावाने, अमेरिकेतल्या वेस्टर्न युनियन कंपनीचा म्हणून, एकदा अंतराळात जाऊन आला होता. तिथे तो वाया गेला, विमा कंपन्यांनी पैसे भरले, स्पेस शटलने त्याला खाली आणलं आणि मग पाच वर्षांहून जास्त काळ तो जमिनीवर पडून राहिला.

व्यापारी भूस्थिर उपग्रहांची गोष्ट सांगताना सहसा पहिले उपग्रह आणि मोठे विक्रम पुढे येतात. मी हे प्रकरण निवडलं, कारण या एकाच यंत्राच्या वाट्याला तंत्रज्ञान, विमा, राजकारण आणि बाजार हे सगळं आलं. शिवाय त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. उपग्रह किती चांगला बनवलाय यापेक्षा तो कुठे उभा आहे आणि त्याचे कागद कोणाच्या नावावर आहेत, यावर या धंद्यात जास्त काही ठरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर फिरणाऱ्या वस्तूला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला पृथ्वीच्या एका गिरकीइतकाच वेळ लागतो. त्यामुळे खालून बघणाऱ्याला ती आकाशात एका जागी खिळलेली वाटते. अँटेना एकदा रोखली की पुन्हा हलवायला नको. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्येच या कक्षेतून दळणवळण कसं करता येईल ते मांडलं होतं. प्रत्यक्षात ते उतरवलं ह्यूज या उपग्रह बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीतल्या हॅरॉल्ड रोझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९६४ च्या सिंकॉम-३ या उपग्रहाने टोकियो ऑलिम्पिकची चित्रं पॅसिफिकपार पोचवली आणि एप्रिल १९६५ मध्ये ‘अर्ली बर्ड’ हा पहिला व्यापारी भूस्थिर उपग्रह अटलांटिकवर उभा राहिला. त्याची क्षमता होती २४० टेलिफोन जोडण्या, नाहीतर एक टीव्ही वाहिनी. दोन्ही एकाच वेळी नाही.

मग १९७२ मध्ये कॅनडाचा अनिक ए-१ आला, १९७४ मध्ये वेस्टर्न युनियनचा वेस्टार-१. देशांमधल्या दळणवळणासाठी सुरू झालेला धंदा देशांतर्गत झाला. वेस्टर्न युनियन ही तारांची कंपनी, एकोणिसाव्या शतकात तारयंत्रावर मोठी झालेली. तारेचे दिवस सरत आले म्हणून तिने उपग्रहाची वाट धरली होती.

वेस्टार-६ ज्या साच्यातला होता तो ह्यूजचा एचएस-३७६. हा त्या काळातला सर्वांत खपाचा उपग्रह. सव्वादोन मीटर व्यासाचा पिंप, अंगभर सौरघट चिकटवलेले, आणि तोल राखण्यासाठी तो सतत स्वतःभोवती फिरत राहायचा. अँटेना मात्र उलट दिशेने तितक्याच वेगाने फिरवलेली, म्हणजे ती पृथ्वीकडे रोखलेलीच राहायची. प्रक्षेपणाच्या वेळी पिंपाचं बाहेरचं कवच आतल्या भागावर सरकवून ठेवत आणि वर पोचल्यावर ते खाली सोडत, की उंची दुपटीहून जास्त व्हायची. जागा कमी, वीज जास्त. स्पेस शटलच्या मालकक्षात असे दोन-तीन उपग्रह शेजारी-शेजारी बसत. नासाने शटलचा दरही असा ठेवला होता की कंपन्यांनी इतर रॉकेटांकडे बघूच नये.

अडचण एकच होती. शटल उपग्रह सोडणार तीनेकशे किलोमीटर उंचीवर. तिथून ३५,७८६ किलोमीटर गाठायचे म्हणजे दोन इंजिनं हवीत. पहिलं, पॅम-डी नावाचं घनइंधनाचं, उपग्रहाच्या बुडाला जोडलेलं. ते कक्षेचं एक टोक भूस्थिर उंचीपर्यंत ताणतं. दुसरं उपग्रहाच्या पोटातच असतं आणि त्या टोकाला पोचल्यावर कक्षा गोल करतं. पॅम-डी मॅक्डॉनल डग्लस कंपनी बनवायची आणि तोवरची त्याची कामगिरी चांगली होती. भारताचा इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर शटलमधून निघाला, तोही पॅम-डीवरच. ते इंजिन नीट चाललं म्हणून १९८४ पासून दूरदर्शनची लहान प्रक्षेपण केंद्रं गावोगाव उभी राहू शकली. पाच महिन्यांनी त्याच जातीच्या इंजिनाने दगा दिला.

फेब्रुवारी १९८४: एकाच उड्डाणात दोन

३ फेब्रुवारी १९८४ रोजी चॅलेंजर निघालं. मालकक्षात वेस्टार-६ आणि इंडोनेशियाचा पलापा बी-२, दोन्ही ह्यूजचे, दोन्ही एचएस-३७६. त्याच दिवशी वेस्टार बाहेर सोडला. पाऊण तासाने ठरल्यावेळी पॅम-डी पेटलं. ते सुमारे दीड मिनिट चालायला हवं होतं, काही सेकंदांतच बंद पडलं. काही काळ तर उपग्रह नेमका कुठे आहे हेच कळेना. रडारवर सापडला तेव्हा तो पृथ्वीच्या अगदी जवळच्या, निरुपयोगी कक्षेत भटकत होता.

आता प्रश्न पलापाचा. तो अजून शटलमध्ये सुखरूप होता आणि तसाच घरी परत आणता आला असता. दोन दिवस खल झाला. इंजिनाचं आधीचं रेकॉर्ड चांगलं, म्हणजे वेस्टारचा अपघात सुटा असावा, असा हिशोब करून इंडोनेशियाने होकार दिला. ६ फेब्रुवारीला पलापा सोडला आणि त्याचंही तेच झालं. पुढच्या चौकशीत बोट ठेवलं गेलं ते इंजिनाच्या नळकांड्याच्या टोकाला असलेल्या कार्बनच्या शंकूवर. तो शंकू फुटला आणि इंजिनाची ताकदच गेली.

या निर्णयावर नंतर पुष्कळ टीका झाली. मला ती अर्धवट वाटते. ‘आधी इतक्या वेळा चाललं’ हा युक्तिवाद चुकीचा नव्हता, अपुरा होता. दोन इंजिनं एकाच सुमाराला, एकाच पद्धतीने बनलेली असतील तर त्यांचं नशीब वेगवेगळं धरता येत नाही. विमाधंद्यात हे समुद्रावरच्या मालाबाबत शतकानुशतकं माहीत होतं. एकाच गोदामातला माल दोन जहाजांवर चढवला म्हणून कीड अर्धी होत नाही. अंतराळात मात्र तेव्हा प्रत्येक उड्डाण स्वतंत्र मानायची सवय होती.

याच मोहिमेत ७ फेब्रुवारीला ब्रूस मॅकँडलेस हा अंतराळवीर पाठीवर नायट्रोजनच्या झोतांवर चालणारी खुर्चीवजा यंत्रणा बांधून, कसल्याही दोरीविना शटलपासून दूर तरंगला. तो फोटो जगभर छापून आला आणि दोन उपग्रह हरवल्याची बातमी त्याच्यामागे गेली. नऊ महिन्यांनी तीच यंत्रणा त्या दोन उपग्रहांना धरायला वापरली जाणार होती, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसेल.

मालक बदलला

वेस्टार-६ चा विमा १०.५ कोटी डॉलरचा होता, पलापाचा ७.५ कोटींचा. एकूण १८ कोटी. लंडनच्या लॉइड्समधल्या आणि अमेरिकेतल्या विमेदारांनी ही रक्कम चुकती केली. उपग्रहांच्या विम्याचा धंदा तेव्हा लहान होता, जमणारा हप्ता थोडा आणि एक-दोन मोठे दावे आले की वर्षाचा सगळा हिशोब उलटायचा. या घटनेनंतर आणि त्यापाठोपाठच्या इतर अपयशांनंतर हप्त्याचे दर चढत गेले आणि काहींनी या धंद्यातून अंग काढून घेतलं.

पैसे भरल्यावर मात्र एक गोष्ट झाली. गाडीचा मोठा अपघात झाला, विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ म्हणून पूर्ण रक्कम दिली, की ती मोडकी गाडी कंपनीची होते. तसेच हे दोन उपग्रह विमेदारांचे झाले. फरक इतकाच की ही गाडी मोडलेली नव्हती. उपग्रह धडधाकट होते, त्यांची यंत्रणा खालून दिलेल्या आज्ञा ऐकत होती, सौरघट वीज देत होते. बिघडलं होतं ते फक्त त्यांना वर नेणारं इंजिन. चांगला माल चुकीच्या जागी पडलेला.

मग विमेदारांनी समुद्री विम्यातला जुना मार्ग धरला, बुडालेला माल वर काढायचा. नासाला आणि ह्यूजला मिळून सुमारे एक कोटी डॉलर द्यायचे ठरले. १८ कोटी गेलेच होते. आणखी एक कोटी घालून दोन उपग्रह हाती आले आणि पुन्हा विकता आले, तर निदान काही भाग वसूल होईल, असं गणित होतं. नासालाही हे हवंच होतं. शटल नुसतं सामान पोचवत नाही, परतही आणतं, हे दाखवण्याची इतकी चांगली संधी पुन्हा कुठे मिळणार?

ह्यूजच्या नियंत्रकांनी उपग्रहांचीच इंजिनं वापरून त्यांना हळूहळू शटलच्या आवाक्यातल्या कक्षेत उतरवलं आणि त्यांच्या गिरक्याही कमी केल्या. मिनिटाला पन्नासएक वेळा फिरणाऱ्या, अर्ध्या टनाहून जड पिंपाला माणसाने हात लावायचा म्हणजे आधी ते शांत व्हायला हवं.

नोव्हेंबर १९८४: हाताने धरलेला उपग्रह

८ नोव्हेंबरला डिस्कव्हरी शटल निघालं. कप्तान फ्रेडरिक हॉक, सोबत डेव्हिड वॉकर, जोसेफ अ‍ॅलन, अ‍ॅना फिशर आणि डेल गार्डनर. आधी त्यांनी दोन नवे उपग्रह सोडले, कॅनडाचा अनिक डी-२ आणि अमेरिकी नौदलासाठीचा एक. मालकक्ष रिकामा झाला, की त्याच जागेत जुने दोन भरून आणायचे.

एचएस-३७६ बनवताना तो कधी कोणी परत पकडेल असा विचारच केलेला नव्हता. त्याला धरायला कडी नाही, खाच नाही. सगळ्या अंगावर सौरघट, त्यांना हात लावायची सोय नाही. धरता येण्यासारखी जागा एकच, बुडाशी असलेल्या इंजिनाचं तोंड. म्हणून एक लांब दांडा बनवला. तो त्या तोंडातून आत घालायचा, आत गेल्यावर त्याची बोटं उघडायची आणि मग कळ फिरवून घट्ट आवळायचं. त्याला नाव दिलं ‘स्टिंगर’, म्हणजे नांगी.

१२ नोव्हेंबरला पलापाची पाळी. पाठीवर तीच उडती खुर्ची बांधून अ‍ॅलन उपग्रहाकडे गेला, नांगी आत घातली, बोटं उघडली आणि आपल्या झोतांनी उपग्रहाचं फिरणं थांबवलं. इथवर सगळं सरावाप्रमाणे झालं. अ‍ॅना फिशरने शटलच्या यांत्रिक हाताने त्याला मालकक्षावर आणलं. आता उपग्रहाच्या डोक्यावर, अँटेनाच्या बाजूला, एक चौकट बसवायची होती. ती बसली की यांत्रिक हात तिथे धरणार आणि गार्डनर बुडाकडे जोडकाम करणार. चौकट बसेना. अँटेनाजवळचा एक भाग जरासा पुढे आलेला होता आणि तो आड येत होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोलर मॅक्स या वैज्ञानिक उपग्रहाला पकडतानाही असंच झालं होतं. आराखड्यात न दाखवलेल्या एका बारीक खुंटीमुळे पकडच बसली नव्हती. कागदावरचं यंत्र आणि कारखान्यातून निघालेलं यंत्र यांत दोन बोटांचा फरक असतो, हे जमिनीवरच्या कुठल्याही फिटरला ठाऊक असतं. जमिनीवर कानस चालवून काम भागतं, तिथे ती सोय नाही.

शेवटी चौकट बाजूला ठेवली. अ‍ॅलनने मालकक्षाच्या कडेला पाय अडकवले आणि उपग्रहाची अँटेनाकडची बाजू दोन्ही हातांनी धरून तो उभा राहिला. जवळपास दीड तास. तेवढ्यात शटलची पृथ्वीभोवती एक फेरी झाली. वजन नव्हतं, पण वस्तुमान होतंच. एकदा हलायला लागला की तो पिंप थांबवायला तितकाच जोर लागणार, म्हणून प्रत्येक हालचाल सावकाश करायची. दुसऱ्या टोकाला गार्डनर एकट्याने बुडाकडचं जोडकाम करत होता, जे खरंतर दोघांचं काम होतं. अखेर उपग्रह मालकक्षात बसला आणि कुलपं लागली.

१४ तारखेला वेस्टार-६. या वेळी उडायची पाळी गार्डनरची आणि धरायची अ‍ॅलनची. चौकटीच्या नादाला कोणी लागलंच नाही, सुरुवातीपासून हाताने धरायचं ठरलं. काम लवकर उरकलं. मग दोघांनी मालकक्षातल्या उपग्रहांजवळ एक पाटी धरून फोटो काढून घेतला: ‘विकणे आहे’. तो विनोद म्हणून प्रसिद्ध झाला. माझ्या मते तो त्या मोहिमेचा नेमका ताळेबंद होता. नासाच्या दृष्टीने काम संपलं होतं, विमेदारांच्या दृष्टीने ते आत्ता कुठे सुरू होत होतं.

१६ नोव्हेंबरला डिस्कव्हरी फ्लोरिडात उतरलं. कक्षेतून उपग्रह परत आणण्याची ही पहिलीच वेळ. लॉइड्सने पाचही जणांना बुडता माल वाचवल्याबद्दलचं आपलं रौप्यपदक दिलं. हे पदक एरवी दर्यावर्दींसाठी असतं.

गिऱ्हाईक सापडेना

उपग्रह कॅलिफोर्नियात ह्यूजकडे गेले. तपासणीत फारसं काही बिघडलेलं निघालं नाही. इंजिनं नवी बसवायची, थोडी डागडुजी करायची, की माल तयार. पण घेणार कोण?

सेकंडहँड उपग्रहाचा भाव कसा ठरवायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेवर तेव्हा उपग्रहांची गर्दी होऊ लागली होती, नव्या एकाची कोणाला निकड नव्हती. त्यात २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर फुटलं आणि सात जणांचा जीव गेला. ऑगस्टमध्ये अध्यक्ष रेगन यांनी शटलवरून व्यापारी उपग्रह सोडणं बंद केलं. ज्या वाहनासाठी हे उपग्रह बेतले होते ते वाहनच बाजारातून गेलं. अमेरिकेची इतर रॉकेटं शटलच्या भरवशावर मोडीत काढत आणलेली, युरोपच्या एरियान रॉकेटाकडे रांग. उपग्रह तयार, गाडी नाही.

इथे चीन येतो. लाँग मार्च-३ हे द्रव हायड्रोजनवर चालणाऱ्या वरच्या टप्प्याचं रॉकेट त्यांच्याकडे १९८४ पासून होतं आणि दर स्वस्त होता. १९८८ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये एशियासॅट कंपनी स्थापन झाली. तीन समान भागीदार: ब्रिटनची केबल अँड वायरलेस, हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांची हचिसन व्हाम्पोआ आणि चीन सरकारची गुंतवणूक कंपनी सिटिक. म्हणजे ब्रिटिश तारा, हाँगकाँगचा पैसा आणि बीजिंगचा वशिला. त्यांनी वेस्टार-६ घेतला.

अमेरिकी बनावटीचा उपग्रह चिनी रॉकेटवर चढवायचा तर अमेरिकेचा परवाना हवा. रेगन सरकारने सप्टेंबर १९८८ मध्ये तो तत्त्वतः मान्य केला. अटी घातल्या: चीनने दर फार पाडायचे नाहीत, ठरावीक संख्येपलीकडे प्रक्षेपणं घ्यायची नाहीत आणि उपग्रह चीनमध्ये असताना त्यावर अमेरिकी पहारा राहील. मग जून १९८९ मध्ये तिआनमेन चौकात गोळ्या चालल्या आणि परवाने गोठले. डिसेंबरात नवे अध्यक्ष बुश यांनी राष्ट्रहिताचं कारण देत सवलत दिली, त्यावर अमेरिकी संसदेत पुष्कळ बोंब झाली, आणि चार महिन्यांनी शीचांगहून रॉकेट उडालं. चीनने पैसे घेऊन वर नेलेला हा पहिला परदेशी दळणवळण उपग्रह. योगायोग असा की दुसरा भाऊ पलापाही त्यानंतर सहाच दिवसांनी, १३ एप्रिलला, अमेरिकी डेल्टा रॉकेटवरून पुन्हा वर गेला. त्याचं गिऱ्हाईक पुन्हा इंडोनेशियाच होतं.

१०५.५ अंश पूर्व

वेस्टार-६ म्हणून हा उपग्रह अमेरिकेवर उभा राहिला असता तर अनेकांतला एक झाला असता. १०५.५ अंश पूर्व रेखांशावर तो जवळजवळ एकटा होता. चोवीस ट्रान्सपाँडर (म्हणजे खालून आलेला संदेश परत खाली पाठवणारे संच), सी बँड या लहरींच्या पट्ट्यातले, आणि दोन झोत: उत्तरेचा चीन, कोरिया, मंगोलियाकडे, दक्षिणेचा आग्नेय आशियापासून भारत, पाकिस्तान ते थेट आखातापर्यंत. तेव्हा या भागावर इंटलसॅट या आंतरराष्ट्रीय संघटनेचे उपग्रह होते, पण ते मोठ्या भूकेंद्रांसाठी आणि मुख्यतः टेलिफोनसाठी बेतलेले. देशोदेशीचे सरकारी उपग्रह आपापल्या देशापुरते. ज्याच्यावर कोणीही भाड्याने जागा घ्यावी आणि अर्ध्या आशियाने मध्यम आकाराच्या छत्रीवर बघावं, असा खाजगी उपग्रह हा पहिलाच. पाकिस्तान, म्यानमार, मंगोलिया यांच्या सरकारी वाहिन्याही त्याच्यावर आल्या.

सर्वांत मोठा भाडेकरू मात्र घरातलाच. हचिसनने १९९१ मध्ये स्टार टीव्ही सुरू केला, धुरा ली यांचा धाकटा मुलगा रिचर्ड याच्याकडे. खेळ, संगीत, बातम्या, इंग्रजी मालिका आणि एक चिनी वाहिनी. भारत हे त्यांचं मुख्य लक्ष्य नव्हतंच, त्यांची नजर चीन-तैवानच्या पैसेवाल्या प्रेक्षकांवर होती. भारत दक्षिणेच्या झोतात येत होता, इतकंच.

पण इथे जमीन तयार होती. मुंबईत ऐंशीच्या दशकातच केबलवाल्यांनी एका खोलीत व्हीसीआर ठेवून, गच्चीवरून गच्चीवर वायर टाकून, सोसायट्यांना सिनेमे दाखवायला सुरुवात केलेली होती. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध थेट टीव्हीवर दिसलं आणि उपग्रहातून काय येऊ शकतं ते लोकांना कळलं. केबलवाल्याला आता करायचं होतं एवढंच, गच्चीवर आठ-दहा-बारा फुटांची छत्री बसवायची, तिच्या तोंडाशी एलएनबी हा संदेश पकडणारा डबा लावायचा आणि आधीच टाकलेल्या वायरीत ते चित्र सोडायचं. मुंबईहून १०५.५ अंश गाठायचा तर छत्रीचं तोंड आग्नेयेपेक्षा बरंच पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सत्तेचाळीसएक अंश वर. समोर उंच इमारत आली की खेळ खलास. म्हणून कंट्रोल रूमची जागा ठरवताना भाड्याआधी पूर्वेची बाजू मोकळी आहे का ते बघितलं जायचं.

सुभाष चंद्रा यांनी याच उपग्रहावर जागा घेतली आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. भारतातून खाजगी कंपनीला आकाशात चित्र पाठवायची मुभा नव्हती, पण आकाशातून आलेलं चित्र घ्यायला कोणी अडवत नव्हतं. त्यामुळे मुंबईत बनलेल्या कार्यक्रमांच्या टेपा विमानाने हाँगकाँगला जायच्या, तिथून उपग्रहावर आणि तिथून परत अंधेरी-दादरच्या गच्च्यांवर. कायदा बघावा तर १८८५ चा तार अधिनियम. केबलसाठीचा अध्यादेश आला १९९४ मध्ये, कायदा १९९५ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही, असं म्हटलं. तो खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभा राहिला होता, पण तोवर प्रत्यक्षात मक्तेदारी वरच्यावर मोडलेलीच होती.

माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांनी जुलै १९९३ मध्ये स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा ५२.५ कोटी डॉलरला घेतला. वेस्टार-६ चा विमा होता १०.५ कोटींचा, म्हणजे बरोबर पाचपट. अर्थात मर्डॉक यांनी उपग्रह घेतलाच नव्हता, तो एशियासॅटचाच राहिला. त्यांनी त्या जागेवरून गोळा झालेला प्रेक्षक घेतला. विमेदारांच्या हाती यातलं काहीच आलं नाही. त्यांनी धातू विकला, जागेचं भाडं दुसऱ्यांनी खाल्लं.

आणि पुन्हा एकदा

भूस्थिर उपग्रहाचं आयुष्य इंधनावर ठरतं. सूर्य-चंद्राच्या ओढीने तो जागेवरून सरकत राहतो, त्याला परत आणायला थोडं थोडं इंधन जळतं, ते संपत आलं की निवृत्ती. एशियासॅट-१ ची जागा घ्यायला एशियासॅट-३ बांधला गेला, ह्यूजचाच, नव्या पिढीचा. २५ डिसेंबर १९९७ रोजी तो रशियन प्रोटॉन रॉकेटवरून बैकानूर तळाहून निघाला. वरच्या टप्प्याचं इंजिन दुसऱ्यांदा पेटलं आणि लगेच बंद पडलं. उपग्रह विषुववृत्ताला पन्नासएक अंशांनी तिरप्या, लांबट कक्षेत अडकला. पुन्हा टोटल लॉस. विमेदारांनी सुमारे २० कोटी डॉलर भरले.

या वेळी शटल पाठवायचा प्रश्नच नव्हता, तो फार दूर होता. त्यामुळे ह्यूजच्या अभियंत्यांनी उपग्रहाच्या स्वतःच्या इंधनावर त्याला चंद्रापर्यंत ढकललं. १३ मे १९९८ ला तो चंद्राजवळून, सुमारे ६,२०० किलोमीटरवरून गेला, जूनमध्ये दुसऱ्यांदा, आणि दोन्ही वेळा चंद्राच्या ओढीने त्याची कक्षा सरळ होत आली. व्यापारी उपग्रह चंद्रापर्यंत जाऊन आल्याचं हे पहिलंच उदाहरण. पुरता सरळ काही तो झाला नाही, आठेक अंशांचा तिरपेपणा राहिला, पण वापरण्याजोगा झाला. पुढे तो पॅनअ‍ॅमसॅट या उपग्रह कंपनीकडे गेला. १०५.५ अंशांवर मार्च १९९९ मध्ये एशियासॅट-३एस हा नवा उपग्रह पाठवला आणि जुन्यावरच्या वाहिन्या त्याच्यावर सरकल्या.

विमेदारांची चाल मात्र या वेळी वेगळी होती. १९८४ मध्ये त्यांनी पदरचे एक कोटी घालून उपग्रह सोडवले, ताब्यात घेतले आणि कित्येक वर्षं गिऱ्हाईक शोधत बसले. १९९८ मध्ये त्यांनी उपग्रह ह्यूजच्या नावावर करून टाकला. सोडवायचा खर्च ह्यूजचा, धोका ह्यूजचा, आणि पुढे कमाई झाली तर त्यात वाटा विमेदारांचा.